हळदीच्या पुढे जात नाही

१७ जानेवारी १९९९, रविवार

पुन्हा थिजलं!

आवडाआत्या गात होती. खाडीची देवी येऊन बसली होती, वेशीवरचा देव वाटेत होता — आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी मेला. माऊस हलवला, कळा बडवल्या. ढिम्म. आत्या डोळे मिटून गातच होती. मी म्हटलं, "आत्या, थांब. गेलं."

"काय गेला?"

"आतापर्यंतचं सगळं."

"मंग मी कोनासाठी गात व्हते?" आणि हसली. मला हसू आलं नाही.

आमच्यात लग्न लावायला भटजी नव्हता. बाई होती! धवलारीण. ती धवला गाते. एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, हळद लावते, नवरा-नवरीची गाठ बांधते, आणि शेवटी देवांना निरोप देते. तिच्या तोंडून निघालं की लग्न लागलं. उभी हयात मी हे माईकवर ओरडून सांगितलं. कोलशेतला, बाळकुमला, पार खाडीपलीकडे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे घरी गेले आणि त्यांनी भटजी ठरवला, बेंजो पार्टी ठरवली. आज पूर्ण धवला येणारी या काठावर एकच उरली — माझी आत्या. ऐंशी ओलांडली आहे. छाती घरघरते.

म्हणून हा कॉम्प्युटर. धवला एकदा यात साठवला की मेला नाही. चुलतभाऊ काळुरामच्या मुलीचं लग्न एकवीस फेब्रुवारीला. त्याला म्हटलं, धवल्याने लाव. तो म्हणाला, "दादा, म्हातारीपुढं दोन तास कोन बसनार? मशीनवर अर्ध्या तासाचा करून दे, लावतो." केबलवाला पंढरी माझ्या मशीनला आपली वायर जोडून देणार. मांडवातल्या कर्ण्यावर धवला, आणि त्याच वेळी गावातल्या प्रत्येक टीव्हीवर! समाजाच्या सभेत मी हे जाहीरसुद्धा केलंय. आता माघार नाही.

१९ जानेवारी

नौपाड्याहून गुरुदत्त आला. मशीन त्यानेच जोडून दिलंय. त्याच्यासमोरही थिजलं. त्याने वाकून पेटीचं एक बारीक बटण दाबलं, पडदा काळा झाला आणि सगळं पहिल्यापासून सुरू. आत्या टक लावून बघत होती. तो तिला म्हणाला, "आजी, अडकलं की हे दाबायचं. पुन्हा नवं."

निदान — व्होल्टेज. खाडीकडच्या कंपन्यांची पाळी बदलते तेव्हा आमचे दिवे मिणमिणतात, हे खरंच आहे. ज्यांनी पाण्यातली मासळी मारली त्यांनी आता वीजही खाल्ली! स्टॅबिलायझर सांगितलाय.

२२ जानेवारी

स्टॅबिलायझर लागला. पेटी टेबलाखाली, पडदा वर. माईकची वायर आखूड, म्हणून आत्याला टेबलाशेजारीच चटई टाकतो. गुडघा वाकत नाही, पाय लांब करून बसते बिचारी. मी पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ बघत बसतो.

आज रेघ छान नाचत होती. आणि थिजली नाही — सरळ विझली! मशीन आपोआप बंद, आपोआप सुरू. वर पडद्यावर मलाच दटावणी, की मशीन नीट बंद केलं गेलं नाही म्हणून आता तपासणी होईल. मी बंद केलं? गुन्हा त्याने करायचा आणि आरोपी मी! पोलीस चौकीत पुष्कळदा बसलोय, तिथली भाषा ओळखतो.

२३ जानेवारी

तुकड्या-तुकड्याने घेऊ म्हटलं, तर आत्या मान हलवते. तुटलेला धवला मधून जोडायचा नाही. पहिल्या देवापासून.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. भाषण केलं. आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण शेवटच्या रांगेत आता कोणी नसतं.

परत येताना पंढरी केबलच्या खांबावर चढलेला. वरूनच ओरडला, "काय दादा, देव आले का मशीनमधी? का ठाण्याला ट्राफिकमधी अडकले?" खालची पोरं खिदळली. मी म्हटलं, "तुझ्या वायरीतून येणार आहेत, वायर नीट बांध." उत्तर बरं होतं. पण घरी येईपर्यंत त्याची चव गेली.

३० जानेवारी

गुरुदत्तने पेटी उघडली. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. म्हणाला, खाडीची खारी हवा, धातूवर थर बसतो. मला पटलं. इथे दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत! शहाऐंशी साली एका खऱ्या मांडवात घेतलेल्या आत्याच्या कॅसेट याच हवेने खाल्ल्या. फीत बाहेर काढली तर बोटाला पांढरी बुरशी. तेव्हापासून टेपवर माझा विश्वास नाही.

दात घासून झाले. आत्याला हाक मारली. तिने पहिल्या देवापासून सुरुवात केली, पूर्वज आले, सोयरे आले, हळद वाटायला घेतली —

विझलं.

३ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "अवो, टेपवरच घ्या की या वेळेला. निदान लगीन तरी निभेल." विमल फार बोलत नाही, म्हणून ऐकलं. शेजारून टेपरेकॉर्डर आणला. कोरी कॅसेट घातली. कॉम्प्युटर बंदच ठेवला.

आज आत्याला दम नव्हता. दोन ओळी झाल्या आणि खोकला लागला. "आज नाय जमायचा रे दाम्या." पाणी प्यायली, चहा प्यायली, विमलशी तासभर बोंबील वाळवण्याबद्दल बोलली आणि घरी गेली.

टेप परत करून टाकला.

६ फेब्रुवारी

पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा बदलला. नवा पंखा बसवला. घरातला फ्रीज बंद ठेवला — त्याच्या धक्क्याने होत असेल म्हणून. विमलचं दूध नासलं. मशीन तरीही विझलं.

मी लोकांना विज्ञान शिकवत आलो. कारणाशिवाय कार्य नाही, हे ज्या गावात अंगारा वाटतात तिथे उभं राहून सांगितलं. मग याचं कारण कुठे आहे? समोर ये ना! दगड मारणाऱ्यांसमोर मी उभा राहिलो आहे. या पत्र्याच्या डब्यासमोर मला उभं राहता येत नाही.

९ फेब्रुवारी

एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लिहायलाही बरं वाटत नाही.

ते हळदीच्या पुढे जात नाही. कधी हळद वाटताना, कधी हळद लागल्यावर, कधी त्याआधीच. पण गाठ बांधायच्या जागी आजवर एकदाही पोहोचलं नाही.

हे मी बोललो नव्हतो, तरी गावभर झालंच. काळुराम दारात उभा राहून म्हणाला, "दादा, राग मानू नको. पन आये बोलते, देवांना मशीनमधी लगीन लागलेला नको असल." मी भडकलो. "देव मशीनला घाबरतात का मशीन देवांना? तुझी मोटरसायकल चालते ती कोणत्या देवाच्या परवानगीने?" तो गप्प झाला. माझ्यासमोर लोक गप्पच होतात. मग जाताना म्हणाला, "भटजीला शब्द देऊन ठेवतो. सोय म्हनून. तुझा झाला तर तुझा लावू."

सोय म्हणून!

१२ फेब्रुवारी

आत्याला ताप. निरोप आला. गेलो नाही, उद्या जाईन. आज कोणाचं तोंड बघवत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

आत्याला बरं आहे. डोळे खोल गेलेत. मीच तिला म्हटलं, "राहू दे, नको येऊस." तर म्हणाली, "तू बोलावशील तवा येईन. तुझ्याकडं येयाला बरा वाटतं."

दुपारी गुरुदत्तने शेवटची परीक्षा घेतली. मशीन सकाळपासून चालू ठेवलं होतं. गाणी लावली, भजनं लावली, खाडी बचाव मोर्चातलं माझं भाषण लावलं. ते साठवून ठेवलंय. घणाघाती! तरुण होतो. माईक हाताशी घेऊन तो स्वतः बराच वेळ आकडे मोजत बसला, तेही साठलं. एकदाही विझलं नाही. संध्याकाळी तो हात पुसत म्हणाला, "काका, मशीनमध्ये फॉल्ट नाही. मी आता काय बदलू? तुम्हीच सांगा."

म्हणजे माझं भाषण चालतं, त्याचे आकडे चालतात. आत्याचा धवलाच चालत नाही.

१५ फेब्रुवारी

पुन्हा बसवलं तिला. पुन्हा हळद. पुन्हा अंधार.

ती घामाने भिजली होती. मी तिच्यावर खेकसलो! म्हटलं, "थोडं भरभर गा ना, ते विझायच्या आत!" तिने माझ्याकडे बघितलं. पदराने कपाळ पुसलं.

१६ फेब्रुवारी

संपलं. हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

सकाळी पंढरीला सांगितलं, वायर टाकू नकोस. तो या वेळेस थट्टा न करता "बरा" म्हणाला. त्यानेच जास्त लागलं. काळुरामकडे जायचं आहे, पाय उचलत नाही. रविवारी भटजी येईल, बेंजो वाजेल, लोक जेवून जातील आणि कोणाचंच काही अडणार नाही. आत्या आज आहे. तिच्यामागे या काठावर धवला म्हणजे काय हे सांगायला माझ्यासारखे वक्ते उरतील. त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ! गाणारं कोणी नाही.

गाडलेल्या गावांबद्दल, पुसलेल्या भाषांबद्दल मी किती वाचलं! दरवेळी वाटायचं, त्यांच्यात एक जरी खमका माणूस असता तर. इथे होता की खमका माणूस. काय झालं?

आणि सगळ्यात वाईट हे, की दुपारी झोप लागता लागता वाटून गेलं — काळुरामची आई म्हणते ते खरं असेल तर? मला! मला असं वाटलं! उठून तोंड धुतलं.

गुरुदत्तला मशीन परत न्यायला सांगणार होतो. विमल भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "नेयाच्या आधी एकदा पेटी टेबलावर ठेवून बघा."

"त्याने काय होणार? खाली ओल आहे म्हणतेस?"

"ठेवून तर बघा."

पडदा बाजूला सरकवून पेटी वर चढवली. उद्या शेवटचं.

१७ फेब्रुवारी

आत्या आली. दारातूनच पेटी वर बघितली. चटईवर बसली नाही.

"विमलनं सांगितला का तुला?"

"काय सांगायचं?"

विमल आत निघून गेली. आत्या चटईकडे बघत म्हणाली, "मीच दाबत व्हते. पायाच्या आंगठ्यानं. त्या पोरानं दावला तसा."

मी वाकून टेबलाखालची रिकामी जागा बघितली. मग "का?" म्हटलं. "नको होतं तर सांगायचं ना मला!"

"तुला? तुझ्याफुडं कोन बोललाय कवा? तू बोलाया लागला का माझी मान आपसुख हलते." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, दम लागला होता. "देवांना बोलावते मी, ते ठीक. पन नवरी नाय, नवरा नाय, गाठ कोनाची बांधू? काळुरामाच्या पोरीचा लगीन चार दिसांवर. नारळ घेऊन माझ्या दारात कोन आला? मला आवतान नाय दाम्या. या पेटीला हाय."

आणि गेली. मी हाक मारायला हवी होती.

पेटी टेबलावर आहे. सकाळपासून एकदाही विझलेली नाही.