स्वतःच्या माहितीप्रमाणे

६ जानेवारी २०२५
साखरबाईंचं शपथपत्र परत आलं! तीन पानं, प्रत्येक पानावर अंगठा, आधारकार्डाची झेरॉक्स — सगळं जोडलं होतं. एक ओळ राहिली. साक्षीदाराला वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवला, त्याला समजला, त्यानं कबूल केला, असं खाली लिहावं लागतं. वकील मॅडमनी सतीशला विचारलं, वाचून दाखवलं होतं ना? सतीश, माझा भाऊ, म्हणाला, तिला काय कळतंय त्यातलं.
मॅडम म्हणाल्या, म्हणूनच वाचायचं असतं.

८ जानेवारी
दावा सतीशचा. न्हावऱ्याच्या रस्त्याची दोन एकर त्याची एकट्याची आहे असं कोर्टानं ठरवून द्यावं. जमीन कसते रंभाआत्या — आमच्या वडिलांची, गेलेल्या आबांची, धाकटी बहीण. आमचं म्हणणं, तिनं १९८९ साली राजीखुशीनं हक्क सोडला, कागदावर अंगठा दिला, सातबाऱ्यावरचं नाव तेव्हाच गेलं. साखरबाई तेव्हा आमच्याकडं कामाला होत्या. त्यांच्यासमोर झालं.
शपथपत्र माझंही लागणार. मॅडमनी समजावलं — स्वतःला माहीत असलेलं वेगळं लिहायचं, ऐकलेलं वेगळं. आत्यानं अंगठा दिला तेव्हा तुम्ही तिथं होता का?
नाही म्हणाले. सगळं ऐकीव म्हणून लिहिलं.

१२ जानेवारी
वाचून दाखवायचं काम माझ्यावर, कारण मी मास्तरीण. शिरूरहून एसटीनं चौफुला, तिथनं जीपनं वरवंड. साखरबाई लेकीकडं असतात. अंगणात ऊन खात बसल्या होत्या. पहिली दोन कलमं मान हलवत ऐकली. तिसरं — 'सदर रंभा हिने माझ्या समक्ष स्वखुशीने' —
"मी आसं कवा म्हनले?"
मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.
मग त्यांनी सांगितलं. आत्याचा नवरा जाऊन बारा दिवस झाले होते. आबांनी कागद पुढं केला. विहिरीवरच्या मोटारीचा फॉर्म आहे, लाव अंगठा, असं म्हणाले. तिनं लावला.
हे कोर्टात सांगाल का, विचारलं. नाही म्हणाल्या. खोटं बोलायची नाही, आन् खरं बोलून तुमच्या घराशी वैर घ्यायची नाही. मग माझ्याकडं बघत राहिल्या. मी कागद पिशवीत घातले. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

१३ जानेवारी
मॅडमना सांगितलं. साखरबाईंचं शपथपत्र आता दाखल करता येणार नाही म्हणाल्या. त्या जे बोलल्या ते मी कोर्टात सांगितलं तर? ते ऐकीव. तिथं हजर असलेलं माणूस लागतं.
सतीशला आनंदच झाला. तसं माणूस आता उरलंय कुठं? कागद आपल्या बाजूनं आहे, म्हणाला.

२० जानेवारी
लिहिण्यासारखं काही नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन उरकून आत्याकडं गेले. कांदा खुरपत होती. मी बांधावर बसले. मग विचारलं, तुझ्या वकिलाला माझं नाव का सांगितलं नाहीस?
"ल्हान व्हतीस तू. लेकराला कशाला कोर्टात वढू?"
मी पंचेचाळीस वर्षांची आहे.

४ फेब्रुवारी
मी तिथं होते. नऊ वर्षांची. शाईचा पॅड मीच धरला होता — आबा म्हणाले, घट्ट धर. मोटारीचा फॉर्म, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. आत्यानं नंतर राखेनं आधी माझी बोटं घासली, मग स्वतःचा अंगठा. यातलं काहीही मी कधी विसरले नव्हते.
आज आत्याच्या वकिलाकडं हे सगळं शपथेवर लिहून दिलं.
सतीशला मीच फोन केला. काय लिहून दिलं ते सांगितलं. तो म्हणाला, "आबांना खोटं ठरवलंस."
हो म्हणाले.