पार्किंग ब्रेक? सेट!

२ मार्च
बातमी पक्की. प्रशिक्षक कॅप्टनची जागा रिकामी होतेय. निवृत्ती जवळ आली, आत्ता नाही तर कधीच नाही. शुक्रवारी परीक्षक कॅप्टन माझ्या मागे बसून सगळं बघणार. त्यांना सगळे ‘भिंग’ म्हणतात. मला कसली भीती? बायकोने बहिणीला कळवूनही टाकलं, म्हणजे साडूला कळलं. जळू दे जरा.

३ मार्च
संकल्प: शुक्रवारपर्यंत तरी चेकलिस्टचं कार्ड हातात धरायचं. खरं तर ते विसरभोळ्यांसाठी असतं. मला झोपेतून उठवून विचारा! नियम असा, की को-पायलटने एकेक बाब विचारायची आणि मी बघून, हात लावून उत्तर द्यायचं. पण माझा को-पायलट म्हणजे मौनीबाबा. तो तोंड उघडेपर्यंत मीच विचारतो, मीच उत्तर देतो. वेळ वाचतो.

४ मार्च, दुपार
कार्ड काढलं नाही. प्रवासी ताटकळले होते. उद्यापासून नक्की.
मौनीबाबा मध्येच काहीतरी पुटपुटला. त्याला बजावलं, की विमान उभं करताना बोललेलं मला खपत नाही. तो ‘बरं सर’ म्हणाला. मग जेवतानाही गप्प. हल्लीच्या लोकांना टीमवर्क म्हणून काही माहीतच नाही.

५ मार्च
गाडी दारात लावली की बायको रोज विचारते, हँडब्रेक ओढला का. मी म्हणालो, अख्खं विमान उभं करणाऱ्याला हे विचारतेस? ती म्हणाली, मग उत्तर द्या ना. दिलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शेवटी तीच खाली गेली. ओढायचा राहिला होता म्हणे.
कार्ड घरीच विसरलो होतो.

६ मार्च, शुक्रवार, सकाळ
कडक इस्त्री. आज दाखवतोच.

संध्याकाळ
घात झाला. मौनीबाबाने केला.
लँडिंग लोण्यासारखं. विमान जागेवर आणलं, इंजिनं बंद, बेल्टचा दिवा बंद. मग चेकलिस्ट, अर्थात तोंडपाठ, खणखणीत आवाजात. पार्किंग ब्रेक? सेट! ब्रेकच्या पेडलवरचे पाय काढले. खालच्या लोकांनी चाकांना ठोकळे अजून लावले नव्हते, आणि तिथे जमिनीला मागे जरासा उतार. आधी वाटलं, शेजारचं विमान पुढे चाललंय. मग कळलं, आपणच मागे चाललोय. उभे राहिलेले प्रवासी एकमेकांच्या अंगावर. एका आजींचं मनगट दुखावलं. तेवढ्यात मौनीबाबाने त्याच्या बाजूचे पेडल दाबून विमान थांबवलं. माझी परवानगी न घेता! भिंगांसमोर! तिथल्या तिथे झापला त्याला.
ब्रेकचा दांडा मात्र ओढलेला नव्हता. कुणी सोडला, ते शोधायला हवं.

९ मार्च
तक्रार लिहिली. धोका दिसत असताना सहकाऱ्याने तोंड उघडलं नाही. मुद्देसूद झालीय. साडूचा फोन आला. उचलला नाही.

१२ मार्च
चौकशी. कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज सुरेख आलाय. त्याच्या मध्ये मौनीबाबा: सर, ब्रेक. परत: सर, ब्रेक लागलेला नाही. मग जवळजवळ ओरडून. आणि मी: श्शऽ. सेट!
खोलीत कुणी मान वर करेना. भिंगांनी एवढंच विचारलं, की तक्रार मागे घेताय ना. प्रशिक्षकाची जागा गेली. फार लागलं मनाला. बाहेर मौनीबाबा पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याच्याकडे बघवलं नाही. देवाशपथ, मला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

१३ मार्च
उलगडा झाला. कान! आयुष्यभर इंजिनांचा आवाज झेलला, दुसरं काय होणार? उगाच मी स्वतःला दोष देत बसलो. तपासणीची वेळ घेतली. कान गेले असतील तर उडणं कायमचं बंद. तरी गेलेलेच निघू देत.

१६ मार्च
डॉक्टरांनी हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. मग कागद बराच वेळ न्याहाळला. मी म्हणालो, स्पष्ट सांगा, मी खंबीर आहे. ते म्हणाले, या वयात इतके उत्तम कान त्यांनी आजवर पाहिलेले नाहीत.
बायको शेजारच्या खुर्चीत होती. तिला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही.