जादूगारास एक तरी मंत्र अखंड मिळणेबाबत

प्रति,
मा. खेळप्रमुख तथा मंत्र-समतोल अधिकारी,
जेवणाचे टेबल (शनिवारी संध्याकाळपुरते कार्यालय),
ताईंचे घर, दुसरा मजला.

विषय: जादूगाराच्या मंत्रांची चाललेली काटछाट थांबवून किमान एक मंत्र मूळ स्वरूपात, एकदाच वापरण्यासाठी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपला गेल्या रविवारी सकाळचा समतोल-आदेश, ग्रुपवर प्रसृत.
२) माझा यापूर्वीचा अर्ज, ‘विषय लिहिलेला नाही’ या शेऱ्यासह परत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपला सख्खा धाकटा भाऊ असून एरवी आपणांस ‘तू’ म्हणतो. परंतु टेबलावर कुरकुर केली की आपण “लेखी दे” म्हणता. आपली नोकरी परवाना कार्यालयात असल्यामुळे लेखी म्हणजे काय, हे मी आपणांस सांगणे बरे नव्हे. यास्तव हा अर्ज रीतसर केला आहे आणि या खेपेस विषय ठळक लिहिला आहे.

१. प्रथम वस्तुस्थिती. दर शनिवारी आपण एका काल्पनिक राज्याची गोष्ट सांगता आणि आम्ही तिघे तीत शिरतो. भावोजी तलवारबाज होतात, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई कुलपे फोडणाऱ्या चोर होतात आणि मी जादूगार होतो. संकट आले की ज्याने त्याने आपण काय करणार ते सांगायचे, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पुढे काय घडले ते आपण सांगायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही तोंडही धुतलेले नसताना, आपला आदेश येतो. त्यात खेळाचा समतोल राखण्यासाठी कोणाचे काय कमी केले ते असते. ‘कोणाचे’ हा शब्द मी केवळ शिष्टाचार म्हणून वापरला आहे.

२. आरंभी मजकडे सात मंत्र होते. झोपेच्या मंत्राने मी किल्ल्याचे पहारेकरी झोपवले, तेव्हा आदेश निघाला की हा मंत्र यापुढे आधीच जांभया देणाऱ्यावरच चालेल. उजेडाच्या मंत्राने गुहेतल्या राक्षसाचे डोळे दिपले. आता उजेड एका मेणबत्तीइतका पडतो आणि मेणबत्ती जादूगाराने स्वतः आणायची असते. बंद दार उघडण्याच्या मंत्रास आतील व्यक्तीची संमती आवश्यक करण्यात आली आहे. संमती असेल तर मी कडी वाजवीन, त्याला मंत्र कशाला, हा प्रश्न मी त्याच वेळी विचारला होता, त्यावर आपण “लेखी दे” म्हणालात. उडण्याच्या मंत्राने आम्ही दरी ओलांडली, म्हणून उडण्याची कमाल उंची वीतभर करण्यात आली. वीतभर उडणाऱ्या माणसाला लोक उडणारा म्हणत नाहीत, ठेच लागलेला म्हणतात. तरीही मी हे सर्व आदेश पाळत आलो आहे.

३. या आदेशांचा अभ्यास केला असता असे दिसून येते की, जो मंत्र उपयोगी पडला तो कापला जातो आणि ज्याने आमचा घात केला तो जसाच्या तसा राहतो. उदाहरणार्थ, मोठ्या आवाजाचा मंत्र. तो म्हटल्यामुळे झोपलेले चाळीस दरोडेखोर जागे झाले आणि नर्सबाईंच्या चोराला एका पिंपात रात्र काढावी लागली. त्या मंत्राविषयी आपला शेरा ‘समतोल उत्तम’ असा आहे. थोडक्यात, माझ्या यशाला दंड आहे आणि गाढवपणाला अभय आहे. परवाना कार्यालयात हीच रीत असल्यास कल्पना नाही.

४. याउलट भावोजींची तलवार. ती पहिल्या शनिवारी जेवढी होती त्याहून आज हातभर लांब आहे, अंधारात चमकते आणि अलीकडे बोलूही लागली आहे. तिच्या एका घावात दोन राक्षस पडले तरी रविवारी सकाळी ग्रुपवर शांतता असते. खेळाच्या मध्यंतरात चहा भावोजी करतात आणि आपणांस तो आले घालून लागतो, हे खरे. पण चहा आणि तलवार यांचा संबंध जोडण्याइतका मी कोत्या मनाचा नाही, फक्त दोन्ही दिवसेंदिवस कडक होत आहेत एवढीच नोंद करतो. नर्सबाईंचा चोर तर राजरोस राजाच्या बोटातली अंगठी काढून घेतो आणि सुटतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

५. आता गेल्या शनिवारची हकिगत. मजकडे पाणी उत्पन्न करण्याचा एक मंत्र अद्याप शाबूत होता. तो तसाच राहावा म्हणून मी, आपल्या धोरणाचा आदर राखून, तो मुद्दाम वाया घालवण्याचे ठरवले. समोर पुलावर महाराक्षस उभा असताना मी पाणी त्याच्यावर न टाकता भावोजींच्या बुटांत टाकले. भावोजी म्हणाले, “अरे, तू आपल्या बाजूचा ना?” भावोजींनी रागाने पाय झटकले, पूल ओला झाला, महाराक्षस पुढे धावला आणि आपण त्याच्यासाठी टाकलेल्या फाशावर एक, म्हणजे सर्वांत वाईट दान, पडला. तो घसरून खाली गेला. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र कपाळाला हात लावला, कारण रविवारची सकाळ मला डोळ्यांसमोर दिसत होती. ती आली, आणि जादूगाराने यापुढे पेल्यापेक्षा जास्त पाणी उत्पन्न करू नये व तेही पिण्यासाठीच, असा आदेश झाला. नशिबाने हात दिला तरी आपण तो मनगटापासून तोडता.

६. याच आदेशाच्या शेवटी आपण लिहिले आहे, “तुझा जादूगार आता निरुपयोगीच झालाय. येत्या शनिवारी निवृत्त कर. तुझ्यासाठी दुसरा तलवारबाज तयार करून ठेवलाय.” म्हणजे आपणच माणसाचे पाय बांधायचे आणि मग त्याला चालता येत नाही म्हणून घरी बसवायचे. या शनिवारी मी जादूगाराचा कागद, ज्यावर त्याचे मंत्र आणि ताकद लिहिलेली असते, आपल्या हाती द्यावा, अशी आपली अपेक्षा आहे. प्रस्तुत अर्जाचे तातडीचे कारण हेच आहे.

७. आपली बाजू मला माहीत नाही असे नाही. एकाच मंत्राने लढाई संपली तर बाकीचे दोघे हातात फासा धरून बसून राहतात, असे आपण भावोजींना सांगितले आणि भावोजींनी ते मला सांगितले. हे रास्त आहे. नर्सबाई आठ तास वॉर्डात उभ्या राहून येतात, त्या माझी जादू बघायला येत नाहीत. पण बुटक्याला उंचाची बरोबरी करायची असेल तर त्याला पाट द्यावा, उंचाचे गुडघे कापू नयेत. नर्सबाईंनाही विचारले. त्या म्हणाल्या, “मला तुझ्या मंत्रांचा त्रास नाही हो, तू हल्ली प्रत्येक वेळी तोंड पाडून बसतोस त्याचा आहे.” त्यांची साक्ष आपण त्यांच्याकडून लेखी घेऊ शकता.

८. महोदया, मी दंतवैद्यांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसतो, हे आपणांस विदित आहे. दिवसभर मी लोकांना “बसा, बोलावतो” म्हणतो आणि त्या शब्दानेही कोणी बसत नाही, जो तो डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभा राहतो. शनिवारी संध्याकाळी मात्र मी एक शब्द बोललो की दारे उघडत असत. मला त्या खेळात जिंकायचे नाही. माझी पाळी आली की टेबलावर क्षणभर सगळ्यांनी श्वास रोखावा, एवढेच मला हवे आहे, आणि ते दुसऱ्या तलवारबाजाला मिळणार नाही. तो भावोजींच्या मागे उभा राहील आणि मारामारीत तिसरा घाव घालील. तसे मी सोमवार ते शुक्रवार करतोच.

९. सबब विनंती अशी की, आगीच्या लोळाचा माझा सातवा मंत्र, जो आपण वापरण्यापूर्वीच ‘संभाव्य उपद्रव’ म्हणून स्थगित ठेवला आहे, तो या शनिवारी एकदा, पूर्ण ताकदीने वापरण्याची परवानगी मिळावी. लोळ जवळ फुटला तर जादूगारही त्यात जळेल, हा मूळ नियमही लागू ठेवावा. मी तो जवळच फोडीन, म्हणजे रविवारी कापायला काही उरणार नाही. जादूगाराला निवृत्त करू नका, ताई. मरायचेच असेल तर त्याला मंत्र म्हणताना मरू दे.

कळावे, आपल्या रविवार सकाळची धास्ती घेऊन राहिलेला,

आपला नम्र,
(सही)
जादूगार, तूर्त विद्यमान

दिनांक: शुक्रवार, दवाखान्यातील जेवणाची सुट्टी

सोबत:
१. नर्सबाईंचे नाहरकत पत्र (औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे).
२. भावोजींचे नाहरकत पत्र. त्यांनी सही केली आहे, परंतु आपणांस सांगू नये असे म्हटले आहे.
३. जादूगाराचा कागद, मूळ प्रत. अर्ज मंजूर झाल्यास उद्या माझ्या खुर्चीसमोर ठेवावा. नामंजूर झाल्यास मी विचारणार नाही, येऊन तलवार घेईन.