प्रधानमंत्र्यांना कधी कळलं?

सोमवार, ८ फेब्रुवारी

आज सभागृहात तीन तास उभा! गुडघे म्हणतात, हानुस, तू मासेमारी जहाजावरचा आचारीच बरा होतास. खरंय. तिथे रस्सा बिघडला तर चौदाच माणसं शिव्या द्यायची.

पगारकपातीवर अकरा प्रश्न. शिक्षकांचे दहा टक्के का? मंत्र्यांचे दहाच का? मी म्हटलं, मंत्र्यांचे बारा करतो. माझ्याच बाकांवरून कुणीतरी जोरात खोकलं. मग संध्याकाळची बोट बंद केली त्यावर. मग सरकारी कचेऱ्यांतली कॉफी बंद केली त्यावर. (कॉफी बंद झाल्यापासून मी घरून थर्मास नेतो, आणि अर्थसचिव सिग्नार 'जरा चव बघतो' म्हणून अर्धा संपवतो. याला म्हणतात काटकसर!)

शेवटी रान्वा उठली. विरोधी पक्षनेती. माझ्या जुन्या कप्तानाची मुलगी – दोन वेण्या घालून धक्क्यावर बापाच्या बोटीची वाट बघत बसायची, ती ही. बाहेर मी 'हानुसकाका', आत 'माननीय प्रधानमंत्री'. म्हणाली, "अध्यक्ष महाराज, पुढच्या बुधवारसाठी मी एकच ओळ दिली आहे. बँक बुडतेय हे प्रधानमंत्र्यांना नेमकं कधी कळलं?"

अकरा प्रश्नांनी घाम फुटला नव्हता. या एका ओळीने फुटला.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं. या वहीला कोण विचारतंय!

आमची अठरा बेटं, भोवती सगळा अटलांटिक, आणि बँका दोन. आता दीड. मोठी बँक बसली सोमवारी, २३ नोव्हेंबरला संध्याकाळी. लोकांच्या ठेवी सरकारने वाचवल्या, त्याच कर्जापायी ही सगळी पोटाला चिमटा घेण्याची वेळ. पण ज्यांनी बँकेचे शेअर घेतले होते त्यांच्या हातात नुसते कागद उरले.

मला शुक्रवारीच कळलं होतं. बँकेचे अध्यक्ष माझ्या खोलीत येऊन बसले आणि अर्धा तास चष्माच पुसत राहिले. तेव्हाच ओळखलं.

शनिवारी गावी गेलो. सुन्नुवाताई, माझी मोठी बहीण, गावच्या वल्हवण्याच्या मंडळाची खजिनदार. बायकांनी स्वेटर विणून, केक विकून चार वर्षं पैसे साठवलेले – शर्यतीसाठी सहा वल्ह्यांची नवी नाव बांधायची म्हणून. जुनीत पाणी शिरतं. मटण वाळवायच्या खोपटात आम्ही दोघंच उभे. फळ्यांच्या फटींतून वारा येतोय. ताई म्हणाली, "हानुस, बँकेचे नवे शेअर निघालेत. नावेचे पैसे सोमवारी त्यात घालू म्हणतो आम्ही. निम्मं गाव घेणार आहे. घालू ना रे?"

आणि मी काय म्हणालो? "यंदा वारा चांगला लागलाय, ताई. मांड्या मस्त वाळतायत."

एक शब्द बोललो असतो तर संध्याकाळच्या आत अठराही बेटांना कळलं असतं, सोमवारी बँकेच्या दारात रांग लागली असती, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ठेवीही गेल्या असत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची – ती दोन दिवस झाकलेली ठेवायची होती. हे खरं. पण ताईने विचारलं आणि मी मटणाबद्दल बोललो, हेही खरं.

तेव्हापासून फोनवर ती फक्त हवापाणी सांगते. नावेचं अवाक्षर नाही. मीही विचारत नाही. कुठल्या तोंडाने विचारू?

गुरुवार, ११ फेब्रुवारी

सिग्नारने उत्तराचा मसुदा आणला. दीड पान. "विविध स्रोतांकडून टप्प्याटप्प्याने प्राप्त होणाऱ्या माहितीचे संकलन चालू असताना…"

मी म्हटलं, "सिग्नार, हे वाचून मलाच कळेना की मला कधी कळलं."

"तीच तर खुबी आहे, साहेब!" – आणि थर्मासकडे हात.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज दोन थर्मास नेले. दोन्ही त्यानेच संपवले.

शनिवार, १३ फेब्रुवारी

काय फजिती! पलीकडच्या बेटावर मासळी कारखान्यातल्या बायकांना भेटायला गेलो होतो. त्यांनी धुऊन काढलं. एक म्हणाली, "प्रधानमंत्री, आमच्या पगारातले दहा टक्के नेलेत, आता या बोटांतला मासळीचा वासही दहा टक्के न्या की!" मी बोटं पुढे केली – हुंगून बघ म्हटलं, तीस वर्षं जहाजावर होतो, माझा अजून गेला नाही. मग हशा. मग फिश केक, बटाटे, मग कॉफी. कॉफी म्हणजे खरी कॉफी!

या गडबडीत दुपारची बोट गेली. आणि संध्याकाळची तर मीच बंद केलेली. धक्क्यावर येऊन बघतो तर आपल्या पेटीवर रान्वा बसलेली.

"काय काका, पोहून जाऊ या का? सरकारचा खर्च वाचेल."

तिची आई याच बेटावर असते. तिथेच मुक्काम. कप्तानाची बायको ती – दारातच दटावलं, "माझ्या घरात राजकारण नाही. दोघं बटाटे सोला."

सोलायला बसलो. बऱ्याच वेळाने रान्वा हळूच म्हणाली, "काका, मी तुमच्या मांडीवर वाढलेय. तुम्ही फक्त म्हणा, सोमवारी कळलं. मी प्रश्न मागे घेते. तुमच्या शब्दावर."

'हो' ओठांपर्यंत आला होता. किती सोपं होतं! समोर वाफाळलेलं पातेलं, चूल, आपल्या माणसाची पोर.

"बुधवारी विचार," मी म्हणालो. "आत विचार."

तिची सुरी थांबली. "म्हणजे –"

"साल जाड काढतेयस तू. बटाटा फुकट जातोय."

अडचण आली की मी खायच्याच गोष्टीत लपतो. सदुसष्टाव्या वर्षी कळतंय!

मंगळवार, १६ फेब्रुवारी

सिग्नारचा मसुदा तीनदा वाचला. छान आहे. धुक्यासारखा आहे. धुक्यात नाव हाकू नये, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात.

बुधवार, १७ फेब्रुवारी

झालं एकदाचं!

सभागृह भरलेलं. प्रेक्षकांच्या बाकांवर विणकामाच्या सुयांची टिकटिक. अध्यक्षांनी प्रश्न पुकारला. मी मसुदा हातात घेऊन उठलो, आणि तो खाली ठेवला. सिग्नारने डोळे मिटले.

म्हटलं, "शुक्रवारी, वीस तारखेला, संध्याकाळी."

सुया थांबल्या.

रान्वाने पुरवणी प्रश्न विचारला, आवाज अगदी बारीक – "मग शनिवारी-रविवारी प्रधानमंत्र्यांनी काय केलं?"

सगळं सांगितलं. ठेवी वाचवायच्या होत्या म्हणून गप्प राहिलो. सख्ख्या बहिणीने खोपटात उभं राहून विचारलं, आणि मी मटणाबद्दल बोललो. माझ्या गावच्या बायकांनी स्वेटर विणून जमवलेले पैसे मी डोळ्यांदेखत बुडू दिले. "पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा गप्प राहीन," म्हटलं, "पण बरोबर केलं म्हणून मिरवणार नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी – "आणि मटण कसं होतं?"

आधी एक हसला, मग दहा, मग अध्यक्षच. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसलो. मग अर्थातच "राजीनामा द्या!" आणि बाकांवर थापा. अविश्वास ठराव, शुक्रवारी मतदान. रीतीप्रमाणे सगळं.

सभागृहाचं कामकाज रेडिओवर असतं. ताईने ऐकलं असणार. फोन नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

फोन नाही.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

वाचलो! सोळा विरुद्ध पंधरा!

ते एक मत कुणाचं? म्हाताऱ्या नोमीचं! विरोधी बाकावरचा मेंढपाळ, पंधरा वर्षांत माझ्या बाजूने कधी शिंकलासुद्धा नाही. काठी टेकत उठला. "मला हा माणूस आवडत नाही," म्हणाला. "याचे विनोद लांबतात. पण आपल्याकडे प्रत्येकाला एक आत्येभाऊ असतो आणि प्रत्येक आत्येभावाला आधीच सगळं माहीत असतं. या माणसाने रक्ताच्या बहिणीलाही सांगितलं नाही. जे माझ्या वाट्याला, तेच तिच्या. एवढ्यावर मी मत देतो." आणि दिलं. त्याच्याच पक्षाने त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याने तपकीर ओढली.

रान्वाने माझ्या विरुद्ध मत दिलं आणि बाहेर येऊन माझा मफलर नीट केला. "काका, हरले मी. पण झोप लागेल आज." सिग्नारने घरून स्वतःचा थर्मास आणला होता – माझ्यासाठी! कॉफी भयंकर. दोन कप प्यायलो.

रविवार, २१ फेब्रुवारी

सकाळी ताईचा फोन. "रेडिओवर फार रडवेला वाटलास. ते राहू दे. नावेला रंग कुठला द्यायचा ते सांग, सुतार खोळंबलाय."

"कसली नाव, ताई?"

"आपली! अरे, शेअर घेतले कुणी? जन्मात कधी असं झालंय का, की मी विचारलं आणि तू उत्तर दिलं नाहीस? तिथेच समजले मी. दारोदार फिरले. कारण नाही सांगितलं हो – मला वाईट स्वप्न पडलंय म्हटलं. सोमवारी आपल्या गावातून एकाही माणसाने शेअर घेतला नाही. तुझ्या खुर्चीला धक्का नको म्हणून गप्प होते इतके दिवस."

निळा दे, म्हणालो.

फोन ठेवला आणि लक्षात आलं – न बोलून मी ताईला सांगितलंच होतं, आणि नोमीने मत दिलं ते मी सांगितलं नाही म्हणून. मग रान्वाला लावला. म्हटलं, बुधवारी मला पाच मिनिटं हवीत, आणि नोमीला मुद्दाम हजर राहायला सांग.

"कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार, काका?"

"कुणी न विचारलेल्या."