दोन माणसांची गाडी आणि घाटनांदूरचं दही

मी, सुग्रीव ज्ञानोबा तरकसे, वय वर्षे एकाहत्तर, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला उपअभियंता, राहणार केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. माझी पत्नी वनिता पलीकडच्या खोलीत मेथी निवडते आहे, पण तिचा किंवा इतर कोणाचा माझ्यावर दाब नाही. असता तर हे काम केव्हाच उरकलं असतं. छातीतली झडप बदलायला मला पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला नेणार आहेत. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी जन्मभर रस्ते आणि पूल केले. पुलाला काही होत नाही, हे सांगताना चेहरा कसा ठेवावा लागतो ते मला माहीत आहे. म्हणून लिहितो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. केजमधलं राहतं घर वनिताचं. तिच्यानंतर खालचा मजला मुलगी पंचशीला हिचा, कारण ती इथेच शाळेत शिकवते. वरचा मजला मुलगा जीवन याचा. तो पुण्यात असतो आणि त्याचे गुडघे अजून शाबूत आहेत. गच्चीवरच्या टाकीवरून दोघांनी भांडू नये. भांडायचंच असेल तर आधी टाकी धुवून घ्यावी.

कलम २. बँकेतल्या ठेवी वनिताच्या. तिने त्या खर्च कराव्यात. तिला साठवायची फार खोड आहे. आमच्या लग्नात आलेली भांडी अजून गोणीत बांधून ठेवलेली आहेत.

कलम ३. आता गाडी. इथून पुढे सगळं तिच्याबद्दलच आहे. ज्यांना फक्त घर आणि ठेवी यांतच रस होता त्यांनी उठून चहा घ्यायला हरकत नाही.

गाडी लाल आहे. दोन दारं, दोन सीटा, अंग फायबरचं, टप काढून ठेवता येतो, आणि आत बसलं की जेवायला पाटावर बसल्यासारखं वाटतं. अशा गाड्या आपल्याकडे थोड्याच निघाल्या आणि काढणारे थांबले. ही लातूरच्या एका डॉक्टरांची होती. बँकेने तिचा लिलाव काढला तेव्हा आलेले लोक तिच्याभोवती फिरून, हसून परत गेले. आमच्याकडे गाडीची किंमत तिच्यात माणसं किती कोंबता येतात यावर ठरते. केजच्या जीपमध्ये पंधरा बसतात आणि सोळावा मागे लोंबकळतो. एकाने मला विचारलं, "दोनच माणसं? मग फटफटी काय वाईट हाय?" मी घेतली. तरकसेसाहेबांनी खाल्लं, अशी खात्यात कुजबुज झाली. खाल्लं असतं तर चार सीटची घेतली असती.

खरं कारण वेगळं होतं. लग्न झाल्यापासून वनिता आणि मी, दोघंच, असे कुठे गेलोच नव्हतो. दोन खोल्यांत माझे बाबा ज्ञानोबा, आई पारूबाई, दोन धाकटे भाऊ, मग आमची मुलं. कुठे निघालं की कोणीतरी सोबत यायचंच. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर ही गाडी आली आणि तिच्यात तिसरं माणूस बसूच शकत नव्हतं. आईसुद्धा म्हणाली, "जावा बाबा. जागाच न्हाई तर मी काय करू?" आम्ही पालीला गेलो, बिंदुसरेच्या धरणाजवळ बसून भजी खाल्ली.  परतताना वनिता म्हणाली, "हळू चालवा की. घर लई लवकर येतंय." मला बढती मिळाली त्या दिवशीसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

तिचं माहेर घाटनांदूर. तिची आई साखराबाई म्हशीच्या दुधाचं दही मातीच्या गाडग्यात लावायची, सुरी फिरवली तर वडी निघावी असं. लेक सासरी निघाली की गाडग्याला फडकं बांधून ते तिच्या मांडीवर द्यायची आणि जावयाकडे बघून म्हणायची, "दही मोडू नगा." एसटीत, जीपमध्ये ते केजला पोचेपर्यंत त्याचं ताक झालेलं असायचं. या गाडीतून ते पहिल्यांदा जसंच्या तसं आलं. वनिता ते उघडं गाडगं घेऊन सगळ्या गल्लीला दाखवत फिरली. तेव्हापासून आमच्या घरात रस्ता, गाडी आणि चालवणारा या तिघांची परीक्षा गाडग्यावर होऊ लागली.

तर ही गाडी वनिताची. ती विकायची नाही. अशी अट टिकत नाही, असं वकील म्हणतात. वकील वनिताला ओळखत नाहीत.

कलम ४. माळ्यावर गोणपाटात बांधलेल्या चार आखूड, कडक स्प्रिंगा आणि चार रुंद, पातळ टायर जीवनला द्यावेत.

तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी दौऱ्यावरून आलो तर त्याने या स्प्रिंगा आणि टायर बसवलेले आणि गाडी ढुंगण टेकून बसलेली. म्हणाला, "पप्पा, स्पोर्ट्स कार आहे ती. कडकच पाहिजे. खालचा रस्ता कळला पाहिजे." रस्ता कळला तो त्याच्या आईच्या कमरेला. पहिल्याच फेरीत तिची नस अशी धरली की ती वाटेतच उतरली. "मी जीपनं जाते," म्हणाली, आणि खरोखर गेली. मी ताडपत्री टाकून गाडी झाकली ती पुढे पंधरा वर्षं.

जीवन, मी रागावलो होतो, खोटं कशाला बोलू? पण विसाव्या वर्षी माझ्याकडे सायकल होती आणि मी तिचं हँडल उलटं करून घेतलं होतं. तेव्हा राग संपला असं समज. पुण्यात जुन्या गाड्या गोळा करणारं कोणीतरी गिऱ्हाईक तू बघून ठेवलं आहेस, तेही मला ठाऊक आहे. त्याला या स्प्रिंगा दे.

कलम ५. फुटलेला सायलेन्सर राधाकिशनराव यांना, किंवा त्यांच्या वारसांना.

आमचं मूळ गाव केजहून अंबाजोगाईकडे आतल्या रस्त्याने जाताना लागतं. तिथे राधाकिशनरावांच्या वडिलांच्या दारावरून जाताना माझे बाबा चपला काढून हातात घ्यायचे. छप्पन्न सालानंतर, आम्ही बौद्ध झाल्यावर, त्यांनी चपला काढायचं बंद केलं; त्यापेक्षा बांधावरून वळसा घालून जायचे. पुढे तोच रस्ता माझ्या हातून डांबरी झाला. राधाकिशनराव तोवर पुढारी झालेले. मला म्हणाले, "साहेब, आमच्या दारापुढं एक ब्रेकर टाका. चांगला उंच. येणारानं-जाणारानं जरा थांबून रामराम घातला पाहिजे." मी नियम दाखवला आणि नाही म्हणालो. माझी बदली झाली तसा त्यांनी तो स्वतःच घालून घेतला, रस्त्यात वासरू आडवं पडल्यासारखा.

गाडी घेतल्यावर मी बाबांना शेजारी बसवून मुद्दाम त्याच रस्त्याने नेलं. टप काढलेला, बाबांच्या पायात नवे बूट. राधाकिशनराव ओट्यावर बसलेले. मी गाडी तिरकी घेतली आणि एकेक चाक अलगद वरून उतरवलं. बाबांनी मान वळवली नाही, हात उचलला नाही. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "लई मऊ हाय रे गाडी." आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणून पुसत राहिले.

जीवनने गाडी खाली बसवल्यानंतर याच ब्रेकरने सायलेन्सर उपटला आणि वनिताची कंबरही इथेच गेली. सायलेन्सर मी जपून ठेवला आहे. तो त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवावा. रामराम घालायची गरज नाही.

कलम ६. माझे पाने, जॅक, ग्रीसचा पंप आणि हवा मोजायचं घड्याळ बजरंग मिस्त्रीला.

तीन वर्षांपूर्वी छातीचं पहिलं ऑपरेशन झालं आणि मी भिंतीकडे बघत बसू लागलो. पेपर वाचेना, जेवण जाईना. एके दिवशी वनिता पुढ्यात येऊन उभी राहिली. "ते धूड कावून झाकून ठिवलंय? मला माहेरला न्या त्यात. पण एक सांगते, दही मोडलं तर मी पुन्हा बसणार न्हाई."

मी ताडपत्री काढली. बजरंगचं सगळं आयुष्य जीपखाली गेलेलं. जीप दबली की स्प्रिंगेत आणखी एक पोलादी पाटा वाढवायचा, एवढंच औषध त्याला माहीत. त्याने माझ्या गाडीच्या स्प्रिंगांत जाड रबर कोंबलं, टायरमध्ये जीपची हवा भरली आणि म्हणाला, "साहेब, आता हिच्यात दहा पोती सोयाबीन टाका, हालणार न्हाई!" मी म्हटलं, "अरे, सोयाबीन न्हाई, बायको बसणार आहे." तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. गाडीत माल कमी आणि माणूस हलकं असू शकतं, हा हिशेब त्याच्याकडे कधी आलाच नव्हता.

मग आम्ही दोघं उलटे शिकलो. घातलेलं काढत गेलो. रबर काढलं, हवा उतरवली. मूळच्या मापाच्या स्प्रिंगा आणि उंच गालाचे टायर शोधायला मी लातूर, सोलापूर पालथं घातलं. सुकून दगड झालेले रबरी बुश बदलले, नवे शॉकअप बसवले. सीटा पिंजाऱ्याकडून नव्या कापसाने भरून आणल्या. प्रत्येक सुधारणेनंतर मी वनिताला घाटनांदूरला नेलं. साखराबाई आता नाहीत. तिची भावजय केसरबाई तसंच दही लावून देते. आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर वनिता फडकं सोडून सांगायची, "मोडलं बघा." तरी पुढच्या फेरीला पुन्हा येऊन बसायची. एकदा तर माझी मान खाली गेलेली बघून बजरंग तिच्यावरच उखडला, "वैनी, गाडी पाळण्यावानी चालतीया! तुमचं दहीच कच्चं असंल!" म्हणूनही अवजारं त्याला.

कलम ७. हे कलम वनितासाठी.

गेल्या उन्हाळ्यात परतताना आपण नेहमीसारखे अंबाजोगाईला चहाला थांबलो. तू गाडीतच बसलीस. मी टपरीपर्यंत गेलो आणि चष्मा विसरला म्हणून मागे फिरलो. तू फडकं सैल केलंस, दह्यात बोट घातलंस, दोनदा गोल फिरवलंस, बोट पदराला पुसलंस आणि फडकं परत बांधलंस. मी लिंबाच्या झाडामागे उभा राहिलो. मग तसाच, चष्म्याशिवाय, जाऊन चहा घेऊन आलो.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "मोडलं बघा." मी म्हणालो, "मागचे शॉकअप खोलून बघावे लागतील."

गाडी चांगली झाली की हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, ही भीती तुला होती. तुझी भीती खरी होती. वनिता, माझ्यासाठी एवढं कोणी केलं नाही. हे तोंडाने सांगायला मला लाज वाटते, म्हणून सरकारी भाषेच्या आडून सांगतो.

कलम ८. माझा अंत्यविधी आपल्या बौद्ध पद्धतीने, साधा. त्यानंतरच्या जलदानविधीला भाषणं नकोत. भाषण करणारे माझे सगळे सहकारी लांबण लावतात.

त्यानंतर एक दिवस पंचशीलाने गाडी चालवावी आणि आईला शेजारी बसवून घाटनांदूरला न्यावं. हवा जीपवाल्याकडून भरून घेऊ नये. केसरबाईकडून दही घ्यावं. परतताना अंबाजोगाईला थांबू नये. सरळ घरी यावं, फडकं सोडावं आणि बघावं.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलेला बरा, असं वकिलांनी सांगितल्यावरून आज तो वाचला. बजरंगलाही साक्षीदार व्हायचं होतं. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीची सही करायची नसते, म्हणून तो दारात फुगून उभा होता. सातवं कलम चालू असताना वनिता चहाचे कप घेऊन आत आली आणि शेवटपर्यंत तसाच ट्रे धरून उभी राहिली. ती जे बोलली ते साक्षीदारांच्या आग्रहावरून इथे नोंदवतो.

"तुमाला तवाच दिसलं व्हतं?"

"हो."

"मग चांगले शॉकअप सहा महिने कावून खोलत बसलात?"

मी म्हणालो, "दही मोडलं नसतं तर तू पुन्हा माझ्यासोबत कशाला आली असतीस?"

तिने ट्रे खाली ठेवला. ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे; त्याआधी रविवारी आम्ही दोघं घाटनांदूरला जाणार, असं तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं. चहाला थांबणार आहोत. तिथे गाडगं ती माझ्या हातात देणार आहे; या वेळी बोट मी फिरवायचं.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने सही करत आहे.

सही: सुग्रीव ज्ञानोबा तरकसे

साक्षीदार:
१) मनकर्णा सिदू धन्वे, निवृत्त परिचारिका, केज (चष्मा पुसून सही केली)
२) सौरभ मस्के, शेजारी, केज

ठिकाण: केज, जिल्हा बीड
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५