खांबाचा वळसा

मुळगाव, शुक्रवार संध्याकाळ

आपण तयार केलेल्या संघाने आपल्याच गावाला हरवलं, तर हसायचं की मान खाली घालायची?

वाचनालयात आयर्लंडच्या एका हर्लिंगपटूबद्दल वाचल्यापासून हेच डोक्यात आहे. काठीने चेंडू मारत धावायचा त्यांचा खेळ. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मोठ्यांचो विटीदांडू!" हा माणूस बोटं मोडून घेत वर्षानुवर्षं आपल्या परगण्याकडून खेळला. गुडघा गेल्यावर शेजारच्या परगण्याचा प्रशिक्षक झाला. अंतिम सामना नेमका आपल्याच लोकांशी आला, तरी त्याने हातचं काही राखलं नाही. केवढं मन हवं त्याला!

आणि मी? शेजारच्या नार्वे गावातल्या शाळेत मुलींना खो-खो शिकवते, पण खांबाचा वळसा शिकवला नव्हता. एका हाताने खांब धरून, अंग झोकून गडी टिपायचा तो वळसा आमच्या मुळगावचा. मी तो इथेच शिकले. रविवारी सामना मुळगावशीच, आणि मुळगावची कप्तान माझी धाकटी बहीण शैला.

काल जेवताना म्हणाली, "ताई, तू आमची की तेंची गो? वळसो दाखयलंस तर मी बोलूचंय नाय."

मी हसून वेळ मारून नेली. त्याचीच लाज वाटत राहिली. राखून ठेवलेलं शिकवणं, ते कसलं शिकवणं?

आज शाळा सुटल्यावर ओढणी कमरेला खोचली आणि नार्व्याच्या मुलींना वळसा शिकवला, प्रत्येकीला जमेपर्यंत. घरी येऊन शैलाला सांगूनही टाकलं.