झडतीला समोरचा हवा

पुणे, १० जुलै २०२५

ती. ताईस प्रज्वलचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर बाबा तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून कागद घेतला. आमच्या रॉक अल्बमचं शेवटचं गाणं अडलंय. त्यात बाबा पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली गातात ती झडती हवी, म्हणून मी त्यांना हौसेने इंझोरीहून स्टुडिओत आणलं. आमच्या बँडमधल्या खालिदने ड्रम आधीच वाजवून ठेवले होते. काचेच्या खोलीत बाबांनी पहिली झडती अशी खणखणीत टाकली की रेकॉर्डिंगवाला खुर्चीत ताठ झाला. मग एकदम गप्प. बराच वेळ वाट पाहून मी माईकवरून म्हणालो की आठवत नसेल तर राहू द्या. त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि सरळ परतीची गाडी धरली.

त्यांच्याशिवाय गाणं लंगडं आहे. घरी काही बोलले का? माझ्यावर माया असू दे.

तुझा,
प्रज्वल

इंझोरी, १८ जुलै

चि. प्रज्वल यास अनेक आशीर्वाद.

बोलले ना! मी काई इसरलो नाई, समोरून कोणी झडती टाकलीच नाई, त मी पुढची कायले टाकू, असं म्हणाले. अरे शहाण्या, तोरणाखाली एका बाजूची झडती पडली की दुसरीने उलट टाकायची, हे तूच विसरलास? गिटार आली आणि पोळा सुटला. वर चार परक्यांसमोर बापाला विसराळू ठरवलंस. त्यांना ते लागलंय, आणि मलाही तुझा राग आलाय.

पोळ्याला ये. चार झडत्या पाठ करून बाबांच्या समोर उभा राहा.

खोकल्याला हळद-दूध घेत जा.

रागावलेली, तरी तुझीच,
वर्षाराणी

पुणे, २७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

सुखरूप पोचलो. पोळ्याचं रेकॉर्डिंग फक्कड झालंय. बैलांच्या घुंगरांसकट बाबांच्या झडत्या आल्यात, आणि उलट टाकताना मी अडखळलो तेव्हाचा गावाचा हशाही. खालिद तो कापू देत नाही. आता अल्बमवर नावं छापायची आहेत. मी तर हरलो, मग गाण्यावर एकट्या बाबांचंच नाव घालू का? तूच विचार, मला धीर होत नाही.

आशीर्वाद असावा.

प्रज्वल

इंझोरी, २ सप्टेंबर

चि. प्रज्वल यास अनेक आशीर्वाद.

विचारलं. हारणाऱ्याचं नाव खाली लिवतात, पण लिवतात, असं म्हणाले. मग बैलांना पाणी पाजायला गेले, ते अर्ध्या वाटेतून परत आले आणि म्हणाले, त्याले सांग, पुढच्या पोळ्याले हारायले तरी येजो.

तुझी,
ताई